आठ नंबरची ठणठणीत कोंबडी

मी आठ नंबर बोलतेय. नाव विचारू नका, ते मला कोणी ठेवलंच नाही. माझ्या उजव्या पायात एक पिवळी कडी आहे, तिच्यावर आठचा आकडा आहे, आणि आरोग्य खात्यात मला तेवढ्यावर ओळखायचे. कोंबडीचा आणि आरोग्य खात्याचा काय संबंध, असं तुमच्या मनात आलं असेल. मी अंडी घालून पोट भरणाऱ्यांतली नाही. मी नोकरीवाली कोंबडी होते. अंडी मी फावल्या वेळात घालायचे.

माझा जन्म उबवणी यंत्रात झाला. आई कोण, ते माहीत नाही. यंत्र उबदार होतं आणि सारखं गुणगुणायचं, त्यामुळे पुढेही पंपाचा आवाज ऐकला की मला घरच्यासारखं वाटायचं. थोडी मोठी झाल्यावर आम्हा आठजणींना निवडून खोक्यात घातलं आणि शहराच्या टोकाला आणलं. निवडताना आमच्यात काय पाहिलं, ते कोणी सांगितलं नाही. हुशारी पाहिली नसावी.

तिथे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र होतं. मोठमोठे गोल हौद, त्यांच्यावरून रेंगाळत फिरणारे लोखंडी दांडे, पंपांची खोली, आणि कुंपणापलीकडे साचलेलं पाणी आणि गुडघाभर गवत. वास असा की नवा माणूस आला की आधी नाक धरायचा आणि मग नमस्कार करायचा. डासांना मात्र ती जागा फार मानवली होती. तिथे आमचा जाळीचा पिंजरा ठेवला आणि आमची नोकरी सुरू झाली.

काम सोपं होतं. डासांना चावू द्यायचं.

दर मंगळवारी खात्यातल्या एक बाई यायच्या. एकेकीला काखेत धरायच्या, पंख उलगडायच्या आणि आतल्या शिरेतून थोडंसं रक्त काढून नळीत भरायच्या. आम्ही त्यांना सुईबाई म्हणायचो. डासांमधून एक विषाणू पसरतो, तो इकडे आलाय का, हे त्यांना आमच्या रक्तावरून कळायचं. आमच्यापैकी कोणाच्या रक्तात त्याच्याशी लढल्याची खूण सापडली, की शहराला सावध करायचं. म्हणजे आम्ही पहाऱ्यावर होतो. पहारेकऱ्याने जागं राहायचं असतं म्हणतात, आम्ही अंधार पडताच झोपायचो. तरी आमच्या कामात खोट काढायला कोणाला जागा नव्हती.

या कामावर कोंबडीच का, तर त्याचं कारण आमच्या अंगातच आहे. हा विषाणू आम्हाला होतो, पण आमचं काही वाकडं करत नाही. ताप नाही, मरगळ नाही, भूक तर मुळीच कमी होत नाही. आमच्या रक्तात तो इतका थोडा वाढतो, की आम्हाला चावलेला पुढचा डास रिकाम्या हातांनी परत जातो. सुईबाई हे एकदा मोबाईलवर कोणाला तरी सांगत होत्या. मी ऐकलं आणि मान ताठ करून फिरले. आपल्यात काहीतरी गुण आहे, हे मला तेव्हा कळलं.

आम्हाला दाणापाणी द्यायचं काम पंपवाल्या काकांच्या गळ्यात पडलं. काका केंद्रातले पंप चालवायचे. साहेबांनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आता हेच तेवढं राहिलं होतं." पहिले काही दिवस ते डब्यातला मका असा फेकायचे, की उंदरांना विष टाकताहेत असं वाटावं. मग हळूहळू ते पिंजऱ्यापाशी रेंगाळायला लागले. पिंजऱ्याशेजारी एक बाकडं आणून ठेवलं. त्यांची खोली आवारातच होती, पण पत्र्याची, दिवसभर तापायची. कामाची पाळी संपली की ते बनियन आणि अर्धी चड्डी घालून संध्याकाळचे त्या बाकड्यावर येऊन बसायचे. काकू चहा घेऊन यायच्या. काका अर्धा चहा प्यायचे आणि मग आम्हाला केंद्राच्या कारभारातल्या चुका समजावून सांगायचे. बाकीच्या सातजणी पाठ फिरवायच्या. मी ऐकायचे. ऐकणारीला चार दाणे जास्त मिळतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण पुढे पुढे मी दाण्यांशिवायही ऐकायला लागले, तेही सांगून टाकते.

काकांची एक सवय तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं पुढे तिच्यावरूनच घडलं. पंपांच्या खोलीत भिंतभर काटे होते, घड्याळासारखे. पंप धडधडला, थरथरला, कुठून कितीही आवाज आला, तरी काका आधी काट्याकडे बघायचे. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर ते चहा प्यायला जायचे. नवा मनुष्य घाबरून धावत आला की म्हणायचे, "काटा काय म्हणतोय? मग? बस गप." आणि खरोखरच त्यांचा पंप कधी बिघडला नाही.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. आधी कावळे मेले. एक पंपांच्या खोलीमागे, एक हौदाच्या कडेला, मग रोजच कुठे ना कुठे. काका त्यांना फावड्याने उचलून खड्ड्यात टाकायचे आणि म्हणायचे, "कोणीतरी विष घातलंय." चिमण्या मात्र कुंपणावर बसून नेहमीसारख्या भांडत होत्या. मग शेजारच्या तबेल्यातली घोडी मागचे पाय ओढत चालायला लागली. काका म्हणाले, "म्हातारी झाली." कावळ्यांचं कारण वेगळं, घोडीचं कारण वेगळं, असं प्रत्येक गोष्टीला त्यांनी आपापलं कारण देऊन टाकलं.

आणि एके दिवशी मंगळवार नसताना सुईबाई आल्या.

"काका, आठ नंबर पॉझिटिव्ह आली," त्या म्हणाल्या.

"कोण, ही?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी सहा नंबरच्या वाटणीचा मका खात होते. "हिला काय धाड भरलीय? बघा की!"

"तिला काही होणारच नाही. तुम्ही जपा. संध्याकाळी बाहेर बसू नका, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, हातापायांना औषध लावा. आणि घराला जाळ्या लावून घ्या."

"म्हणजे झालं कोंबडीला, आणि जपायचं मी?"

"हो."

"ताई, रागावू नका, पण हे काही पटत नाही. साधी कोंबडी ती. वारा लागला तरी मान टाकते. तिला काही होत नाही, आणि मला होणार?"

"कोंबडीवरून माणसाचा अंदाज नाही करता येत, काका. कावळे बघा, पटापट मरताहेत. विषाणू तोच आहे."

"कावळ्यांना विष घातलंय," काका म्हणाले.

सुईबाईंनी औषधाची बाटली बाकड्यावर ठेवली, पुन्हा एकदा सगळं सांगितलं आणि गाडीत बसून गेल्या. त्यांना अजून बऱ्याच ठिकाणी हेच सांगत फिरायचं होतं.

संध्याकाळी काकूंनी ती बाटली पाहिली. "अहो, त्या बाई एवढ्या सांगून गेल्यात, तर लावा ना. आणि आत चला."

"आत भाजून निघायचं का? अगं, इकडे ये." काकांनी मला उचलून काकूंच्या तोंडासमोर धरलं. "ही बघ. हिच्या अंगात तो आजार आहे. दिसतोय कुठे? डोळे बघ. तुरा बघ कसा लाल आहे. ज्याच्या अंगात आहे तोच ठणठणीत, मग आपण कशाला घाबरायचं?"

काकूंनी माझा तुरा पाहिला. तो लाल होता, त्याला मी काय करणार? त्यांनी बाटली उचलून आपल्या हातापायांना औषध लावलं आणि एकट्या आत गेल्या.

काकांच्या लेखी मी भिंतीवरचा काटा झाले होते. रोज सकाळी यायचे, माझ्याकडे बघायचे, मी मक्यावर तुटून पडलेली असायचे, आणि त्यांचं समाधान व्हायचं. खरा काटा सुईबाईंच्या नळीत होता, हे ओरडून सांगावंसं वाटायचं. मी ओरडायचेही. काका म्हणायचे, "अंडं दिलं वाटतं."

मला जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तब्येतीचा राग आला. मग मी ठरवलं की आजारी पडायचं. सकाळी काका आले तेव्हा मी कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसले. मक्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका वाकले, माझ्या पोटाला हात लावला आणि खरंच काळजीत पडले. माझा डाव साधला असं वाटलं. काका आत गेले आणि कलिंगडाची थंडगार फोड घेऊन आले. "ऊन लागलंय बिचारीला," असं म्हणत त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. मी थोडा वेळ निग्रहाने बसून राहिले. पण त्या फोडीत काळ्या बिया होत्या, आणि पाच नंबर पुढे सरकायला लागली होती. फोड संपल्यावर काका म्हणाले, "बघ, उतरलं ऊन." आणि त्या संध्याकाळी ते बाकड्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. डास त्यांच्या खांद्यांवर, पोटऱ्यांवर बसत होते. ते एखादा मारायचे, बाकीच्यांकडे कानाडोळा करायचे. मी जाळीला चोची मारून दमले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काका यायचे बंद झाले. काकू डबा घेऊन आल्या. "डोकं दुखतंय म्हणतात," त्या आम्हाला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ताप आला. काकांनी तापातही पाळी सोडली नाही. तिसऱ्या सकाळी पंपांच्या खोलीत पंप सुरू करायचा दांडा वर करायला गेले आणि उजवा हात उचललाच गेला नाही. हात नुसता लोंबत राहिला. काकू धावत गेल्या तेव्हा काका त्यांना म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? इथे बाहेरच्या माणसाला यायची परवानगी नाही." मग गाडी आली आणि काकांना घेऊन गेली. मला पिंजऱ्यातून गाडीचं नुसतं मागचं दार दिसलं.

पुढे सगळ्यांची नजर आमच्याकडे वळली. साहेब, जे हौदाच्या अलीकडे कधी आले नव्हते, ते रुमाल तोंडाला लावून पिंजऱ्यापर्यंत आले. सुईबाईंना बोलावून घेतलं. काकूही दवाखान्यातून कपडे न्यायला आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"ह्या कोंबड्यांनीच आणलंय हे," साहेब म्हणाले. "आजच्या आज सगळ्या पुरून टाका."

"साहेब, कोंबडीकडून कोणालाच होत नाही. डासांकडून होतं," सुईबाई म्हणाल्या. "ह्या पुरल्यात तर डास तसेच राहतील आणि विषाणू आलाय की नाही, ते कळायचं तेवढं बंद होईल."

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं करू. तुमच्या घरात झालंय."

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या साहेबांशी बोलल्याच नाहीत. सुईबाईंना म्हणाल्या, "मला एकच सांगा. हिला काहीच कसं झालं नाही? तोच डास, तोच आजार. ही इथे मजेत चरतेय, आणि हे तिकडे मला ओळखत नाहीत."

सुईबाईंनी बादली उपडी घातली आणि तिच्यावर त्या काकूंजवळ बसल्या.

"काकू, हा मुळात पक्ष्यांचा विषाणू. पक्ष्यातून डासात, डासातून दुसऱ्या पक्ष्यात, असा त्याचा संसार चालतो. पण पक्षीही सगळे सारखे नाहीत. कोंबडीचं शरीर त्याला लवकर आवरतं, वाढूच देत नाही. चिमणीत तो भरपूर वाढतो, तरी बऱ्याच चिमण्या तग धरतात. कावळ्यात तो इतका माजतो की कावळा मरतो. त्याचा जोर किती, ते तो कोणाच्या अंगात शिरलाय त्यावर असतं."

"आणि माणसात?"

"माणूस त्याच्या वाटेवरच नाही. घोडाही नाही. आपल्या रक्तात तो डासाला पुढे नेता येईल इतका वाढत नाही, म्हणजे आपल्यात शिरला की त्याचा पुढचा रस्ता बंद. आपण जगलो काय, गेलो काय, त्याचं काही अडत नाही. त्यामुळे आपल्याशी जमवून घ्यायला तो शिकलेलाच नाही. बहुतेक माणसांना तो येऊन गेल्याचं कळतही नाही. काहींना ताप येतो. पण एखाद्याच्या, जास्त करून वय झालेल्याच्या, मेंदूपर्यंत जातो. आणि तिथे त्याच्याशी झुंजताना आपलंच शरीर आपलं नुकसान करून घेतं."

"मग ह्यांच्यातच का? मीही त्याच घरात राहते."

"वय आहे, डास खूप चावले. त्यापलीकडे मलाही माहीत नाही, काकू."

काकू रडल्या. सुईबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला. साहेब रुमालाची घडी घालत उभे होते. कोंबड्या पुरायचं पुन्हा कोणी काढलं नाही.

उठताना सुईबाई म्हणाल्या, "आठ नंबर मात्र आता कामाची नाही. एकदा होऊन गेलं की खूण रक्तात राहते, मग नवं काही कळत नाही. तिच्या जागी दुसरी आणतो आम्ही. हिला कोणाला तरी देऊन टाकावं लागेल."

"मला द्या," काकू म्हणाल्या.

त्यांचा आवाज मला आवडला नाही. त्यांनी मला पिशवीत घातलं तेव्हा मी आयुष्याचा आढावा घेतला. तो लवकर संपला. घरी गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात ओट्याखाली सोडलं आणि सुरी घेतली. सुरीने त्यांनी काकडी चिरली आणि अर्धी माझ्यापुढे टाकली. मग माझ्याशेजारी जमिनीवर बसून त्या उरलेली स्वतः खायला लागल्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नसावं.

काका शुद्धीवर आले ती बातमीही मला ओट्याखालीच कळली. "डोळे उघडले," काकू म्हणाल्या, "मला ओळखलं. आणि पहिलं काय विचारावं? म्हणे, आठ नंबर कशी आहे! मी रात्रंदिवस उशाशी बसलेली, आणि ह्यांना कोंबडीची चौकशी." त्यांनी नाक पुसलं. "नर्स म्हणते हात हलवा, तर म्हणतात, कोंबडी बरी आहे ना, मग मीही होईन आपोआप. औषधाची गोळी गादीखाली सरकवली. तेव्हा मीही सांगून टाकलं, आठ नंबर अजिबात बरी नाही. पडून आहे. तिला रोज औषध पाजतेय आणि पाय हलवायला लावतेय, तेव्हा कुठे थोडी उभी राहते."

मी काकडी खाताना थांबले.

"चेहरा पडला त्यांचा," काकू म्हणाल्या. "पण गोळी घेतली."

तेव्हापासून मी रोज आजारी होते. काकू दवाखान्यातून येऊन मला माझी प्रकृती सांगायच्या. आज मी थोडं पाणी प्यायले होते. आज माझा एक पंख हलला होता. माझा पंख हलला त्या दिवशी काकांनीही खांदा हलवून दाखवला. मी त्या काळात बरीच लठ्ठ झाले.

काका घरी आले ते दोन माणसांच्या आधाराने. पूर्वीच्या मानाने निम्मे दिसत होते. उजवा पाय ओढायचा आणि उजवा हात मूठ वळलेला, छातीशी. पंपांवर आता दुसरा माणूस आला होता. काकांना खुर्चीत बसवलं, आणि मी ओट्याखालून बाहेर आले. लपायचं भान राहिलं नाही. मला फार आनंद झाला होता.

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तुरा पाहिला, पोट पाहिलं.

"ही तर बरी दिसतेय," ते म्हणाले. शब्द अजून अडखळत यायचे.

"झाली हळूहळू," काकू ताटं मांडत म्हणाल्या. "औषध वेळेवर घेतलं तिने."

काकू पाणी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी मला डाव्या हाताने जवळ ओढलं. "तुला काही झालंच नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मला माहितीय. ती खोटं बोलली की भांडी जास्त वाजवते." मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नाही झालं, ते बरं झालं गं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला रडता येत नाही, म्हणून मी नुसती उभी राहिले.

सुईबाई भेटायला आल्या होत्या. त्यांनी दवाखान्यातला कागद पाहिला आणि म्हणाल्या, काकांच्या रक्तात जी खूण आहे, ती आठ नंबरच्याच जातीची. एवढं आमच्यात आता सारखं आहे. ती मिळवायला मला काही मोजावं लागलं नाही, आणि त्यांचा अर्धा देह त्यात गेला. यात माझं काही कर्तृत्व नाही आणि त्यांचा काही कमीपणा नाही. शरीरं वेगळी होती.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी आहे. आजार आलाय का ते शोधायला आमच्याकडे जरूर या, आमचं रक्त घ्या, आमची तक्रार नाही. पण तो तुमचं काय करेल, हे माझ्या तुऱ्यावरून ठरवू नका. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचं घाला. जाळी लावा. आणि हातात सुई घेतलेली बाई काही सांगत असेल तर तिचं पूर्ण ऐकून घ्या.

आता मला नोकरी नाही, पण काम आहे. हाताचे व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. मूठ उघडायचा व्यायाम काका टाळतात म्हणून तिने एक युक्ती काढली. रोज सकाळी काकू काकांच्या उजव्या मुठीत मक्याचे दाणे कोंबतात आणि मला त्यांच्या पायाशी आणून ठेवतात. डाव्या हाताची मदत घ्यायची नाही, असं ठरलंय. काकांच्या कपाळाला घाम येतो. बोटं थरथरतात आणि पुन्हा मिटतात. "थांब हं," ते मला म्हणतात.

मका समोर असताना थांबणं कोंबडीच्या रक्तात नाही. मी थांबते. काल काहीच पडलं नाही. आज करंगळी सुटली, आणि तिच्या फटीतून एक दाणा खाली आला. काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. काका माझ्याकडे बघत होते, काकू काकांकडे.

मी तो दाणा खाल्ला आणि पुन्हा वर पाहत उभी राहिले.